आबांचा जनरल आणि विहिरीचं वावर

आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक जनरल होता. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशाचा तो प्रमुख झाला, ही बातमी आबांनी आमच्या रावेत गावात इतक्या वेळा सांगितली की नेमणूक त्यांनीच केली असावी, असं लोकांना वाटायला लागलं. मला मात्र त्या माणसाचं नाव निघालं की राग यायचा. तसा त्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं, पण आमच्या घरात तो देवासारखा बसला होता आणि देवासारखाच काही करत नव्हता.

आबा लढाईत खेचरांच्या तुकडीत हवालदार होते. इटलीच्या डोंगरात जिथे मोटार चढत नाही, तिथे खेचरांवर दारूगोळा लादून न्यायचा, हे त्यांचं काम. हा इंग्रज साहेब तेव्हा ब्रिगेडियर होता. आबा सांगायचे, तो गुडघाभर चिखलातून चालत यायचा, जवानांच्या थाळीतली डाळ खायचा आणि हिंदुस्थानीत अशा शिव्या द्यायचा की खेचरंसुद्धा कान टवकारायची. पुढे तो जनरल झाला, लढाई संपली आणि काही वर्षांनी इंग्लंडच्या राणीने त्याला त्या देशाचा प्रमुख नेमलं.

प्रमुख म्हणजे काय, ते मी आबांना निदान दहा वेळा समजावलं असेल. मी मॅट्रिक झालेली, चिंचवडच्या शाळेत मास्तरीण होते. आबांचे जुने सोबती इंग्रजी मासिकांतली कात्रणं आणून द्यायचे आणि मी ती वाचून दाखवायचे. साहेबांनी पुलाची फीत कापली. साहेबांनी मेंढ्यांच्या प्रदर्शनात बक्षीस दिलं. साहेबांनी झाड लावलं. प्रत्येक फोटोत डोक्यावर पिसांची टोपी आणि छातीवर आडवा पट्टा.

"आबा, कारभार तिथले मंत्री बघतात. याने नुसती सही करायची आणि उभं राहायचं. शोभेची बाहुली आहे ती."

"शोभेला का होईना, वर हाय ना? वरच्याचा शबूद खाली झेलत्यात, बाय."

पालथ्या घड्यावर पाणी.

हे सगळं कौतुक असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्यात आमचं वावर अडकलं होतं. आबा इटलीत असताना इकडे लष्कराने देहूरोडच्या बाजूचं आमचं विहिरीचं वावर सामान ठेवायला घेतलं. आजोबांनी अंगठा दिला. लढाई संपली की परत, असं तोंडी सांगितलेलं. ज्या फौजेसाठी आबा तिकडे डोंगर चढत होते, तिनेच इकडे त्यांच्या विहिरीभोवती तार ठोकली. घरून आबांना तसं पत्र गेलं, आणि मावळातल्या आणखी काही जवानांनाही. त्यांनी ते सुभेदाराच्या कानावर घातलं, सुभेदाराने कॅप्टनला सांगितलं, कॅप्टनने ब्रिगेडियरला. आणि पुढच्या दरबारात, म्हणजे साहेब सगळ्या जवानांना समोर बसवून बोलतो त्या दिवशी, ब्रिगेडियर आपणहून उभा राहून म्हणाला की तुमची जमीन तुम्हाला परत मिळेल, हा माझा शब्द.

लढाई संपून दहाएक वर्षं झाली, तार तशीच होती. आत गंजकी पिंपं आणि कमरेएवढं गवत. आमचा रब्बीचा सगळा जीव त्या विहिरीवर. घराशेजारच्या तुकड्यात बाजरीपलीकडे काही येत नसे. आणि पंचावन्न-छप्पनच्या सुमारास नोटीस आली: जमीन कायमची घेण्याचं ठरत आहे, परत करण्याचं आश्वासन कुणी दिलं असेल तर पुरावा आणा. आबांच्या नावाने मी पुण्याच्या कचेरीत हरकतीचा अर्ज दिला, पण पुरावा एकच होता, आणि तो पिसांची टोपी घालून मेंढ्यांना बक्षिसं वाटत होता.

मी त्याला पत्र लिहिलं. चार रात्री शब्दकोश घेऊन बसले. मागणं एका ओळीचं: अमुक दरबारात आपण असं म्हणाला होतात, एवढं लिहून द्यावं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. जाड कागद, वर उठावाचं सोनेरी चिन्ह. आत चिटणिसाने लिहिलेलं की महामहिमांना आपल्या जुन्या सहकाऱ्याची आठवण वाचून अतिशय आनंद झाला. मात्र अशा बाबी योग्य मार्गाने, आपल्या सरकारमार्फत याव्यात.

मी डोक्याला हात लावला. आबांनी ते पत्र पुण्याहून चौकट करून आणलं आणि भिंतीवर टांगलं.

"नकार आहे तो, आबा! नकार कुणी टांगतं का?"

"नकार कुठं हाय? योग्य मार्गानं या म्हनतोय. बरोबरच हाय त्याचं. आपन थेट लिव्हलं, ही आपली चूक."

आणि मग तो खरंच आला. हिंदुस्थानच्या भेटीला आलेला पाहुणा म्हणून मुंबईहून पुण्याला जाताना तो देहूरोडच्या छावणीत अर्धा तास थांबणार होता, जुन्या सैनिकांना भेटायला. साहेबाला द्यायला मी नव्याने अर्ज लिहिला. आबांच्या कोटाच्या आतल्या खिशात स्वतः ठेवला आणि आठ दिवस त्यांना पढवलं. तो समोर आला की कागद काढायचा, हातात द्यायचा, एवढंच. आबा मान डोलवायचे. ती मान मला तेव्हाच ओळखता यायला हवी होती.

त्या दिवशी आम्ही घरची माणसं दोराच्या अलीकडे उभी होतो. पलीकडे म्हातारे सैनिक एका रांगेत, छातीवर पदकं, कुणाचा कोट पोटावर बसत नव्हता. त्यांचाच जुना सुभेदार, तोही आता पेन्शनर, रांगेतून प्रत्येकाच्या कॉलरला हात लावत फिरत होता. उन्हात दोन तास गेले. मग मोटारी आल्या.

जनरल उतरला आणि मी जरा चपापले. मला वाटलं होतं, मोठा रुबाबदार माणूस असेल. हा थकलेला, गुडघ्यात अडखळणारा म्हातारा. शेजारी एक अधिकारी सारखा घड्याळ बघत होता आणि साहेबाच्या कोपराला धरून त्याला हवं तिथे वळवत होता. झाडाजवळ नेलं, त्याने झाड लावलं. खुर्चीजवळ नेलं, तो बसला. ऊठ म्हटल्यावर उठला. मग त्याला रांगेपाशी आणलं.

आबांसमोर तो थांबला. त्याने डोळे बारीक केले आणि मोठ्याने म्हणाला, "खच्चरवाला!" आबांची छाती अशी फुगली की पदकं वाजली. दोघं हसले. साहेबाने आबांचा खांदा धरला. मग त्याने जे विचारलं ते मी दोरामागून स्वच्छ ऐकलं.

"सब ठीक? कोई तकलीफ?"

आबांचा हात खिशाकडे गेला नाही. टाचा जुळवून ते ओरडले, "कोई तकलीफ नहीं, साहब!"

साहेब पुढे सरकला नाही. शेजारच्या अधिकाऱ्याने कोपर ओढलं तरी थांबला, आणि जरा खाली वाकून हळू विचारलं, "पक्का?"

"पक्का, साहब!"

तळपायाची आग मस्तकात गेली. दोर ओलांडून त्यांच्या खिशातला कागद मी काढावा असं वाटलं; आईने माझा दंड घट्ट धरला होता. तोवर साहेब तीन माणसं पुढे गेला होता. पाच मिनिटांत मोटारींची धूळ उरली.

आबा रांगेतून हलेनात. इतर लोक चहाकडे गेले, हे तिथेच सावधानमध्ये. मी जाऊन विचारलं, "का नाही दिलात?"

"थांब गं. अजून सांगतील."

"कोण सांगणार? काय सांगणार?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. आठ दिवसांपूर्वीच आबांनी वावराची गोष्ट सुभेदाराला सांगितली होती. सुभेदाराने छावणीतल्या कॅप्टनला सांगितली. म्हणजे ती साहेबापर्यंत पोचली, यात आबांना तिळमात्र शंका नव्हती. रांगेत साहेबाने तकलीफ विचारली तर उत्तर एकच द्यायचं. नाहीतर सुभेदाराची मान खाली जाते, सगळी तुकडी बेशिस्त ठरते. खरी गोष्ट आधीच वर गेलेली असते, आणि साहेब ती नंतर आपणहून जाहीर करतो. इटलीत तसंच झालं होतं. आबा आता साहेबाच्या जाहीर करण्याची वाट बघत उभे होते आणि साहेबाची मोटार तोवर दापोडीच्या पुलावर गेली असेल.

मी सुभेदाराला गाठलं. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "कॅप्टनसायेब तरणं हायत, ताई. व्हय व्हय म्हनले. कुनाला सांगितलं न्हाई वाटतं."

घरी येईपर्यंत मी आबांशी बोलले नाही. ते आपले खुशीत. त्यांना ओळखलं होतं ना साहेबाने! गावभर "खच्चरवाला" सांगत फिरले. मी जेवण वाढायचे ते भांडं आदळून. आई म्हणाली, "आगं, म्हातारं मानूस हाय, आसू दे." मी म्हटलं, "विहीर पण असू दे का?"

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तोच अर्ज घेऊन पुण्याच्या कचेरीत गेले. कारकून सज्जन होता, त्याने मला खुर्ची दिली आणि आमची फाईल शोधून काढली. उघडली, वाचली आणि माझ्याकडे न बघता माझ्यापुढे सरकवली. सगळ्यात वर नवा कागद होता. पाहुण्यांच्या भेटीचा छावणीने पाठवलेला अहवाल, त्यातला उतारा. अर्जदार समारंभास हजर होता. त्याला खुद्द पाहुण्यांनी दोनदा विचारले. त्याने कोणतीही तक्रार नसल्याचे सांगितले. खाली शेरा: सबब प्रकरण बंद.

वावराची गोष्ट कॅप्टनच्या तोंडून वर गेली नाही, पण आबांचं "तकलीफ नहीं" मात्र इतक्या व्यवस्थित खाली आलं होतं. मी कारकुनाशी भांडले. तो म्हणाला, "बाई, मी काय करू? त्यांचंच वाक्य आहे." मला रडू आलं, आणि कचेरीत रडू आलं याचाच जास्त राग आला.

घरी आबा जेवायला बसले होते. मी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगून टाकलं, एकेक ओळ, पाठ झाल्यासारखी. आबांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता तरी चिडतील, कॅप्टनला, साहेबाला, निदान मला शिवी देतील.

त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या नावाआदी हवालदार लिव्हलंय का?"

एक खोटं बोलायला माझं काय जात होतं? पण डोकं इतकं तापलं होतं की मी म्हणाले, "नाव पण नाही, आबा. नुसतं अर्जदार."

आबांनी मान हलवली. ताटातच हात धुतला आणि उठून बाहेर गेले. त्या अर्ध्या भाकरीकडे मी किती वेळ बघत बसले होते कोण जाणे. त्या वावराचं नाव आबांनी त्यानंतर पुन्हा काढलं नाही, आणि मला माफी मागायला तोंड उरलं नाही.