सुकेशनीची हिरवी पट्टी

माझी सुकेशनी प्लास्टिकातून करंट नेती. हसू नका, मी बी हसलो होतो. मी सिद्धोधन, जिंतूरचा वायरमन. वायरीवरचं प्लास्टिक सोलण्यात जिंदगी गेली. म्हणलं, "अगं, करंट लागू नये म्हणून तर ते असतंय!" ती म्हणली, "पप्पा, सगळं प्लास्टिक सारखं नसतंय."

परभणीच्या कॉलेजात ती पीएचडी करायलीय. बर्फात भांडं ठेवती, थेंब थेंब औषध सोडती, सुती कापडाच्या पट्ट्या त्यात बुडवती. त्यांच्यावर त्या प्लास्टिकाचा गर्द हिरवा थर बसतो अन् त्या थरातून करंट जातो. लय नाजूक काम हाय.

औंदा काम तपासायला बाहेरची कमिटी आली. करंट गेला न्हाई तर विषय बदलायचा, म्हंजे सगळी मेहनत पाण्यात. पोरीनं मला बी बोलावलं. मी आपला मागच्या खुर्चीवर.

मशीनच्या चार टाचण्या पट्टीवर टेकल्या. आकडा हलंचना! अन् पट्टी हिरवी कुठली, निळी दिसायली. कमिटीच्या राजेश्री मॅडम म्हणल्या, "विषय बदला." मी उठायलो तर सुकेशनीनं माझ्याकडंच डोळे वटारले.

"मॅडम, चूक माझी हाय," ती म्हणली. "काल डिस्टिल्ड वॉटर संपलं. मी पट्टी बोअरच्या पाण्यानं धुतली, घरी डाळ धुतो तशी, पाणी निवळेपर्यंत. आपल्या बोअरच्या खारानं पट्टीतलं ॲसिड मारलं. ॲसिड परत दिलं की करंट बी येईल."

तिनं पट्टी ॲसिडात बुडवली. बघता बघता हिरवीगार!

मॅडम काय ऐकत्यात! "ओल्या ॲसिडातून करंट जाणारच. त्यात पट्टीचं काय कौतुक?"

बोलल्या ते खरंच होतं.

"म्हणून वाळवते," सुकेशनी म्हणली. तिनं थर न चढवलेली एक कोरी पांढरी पट्टी घेतली, ती बी त्याच ॲसिडात बुडवली अन् दोन्ही पट्ट्या पंख्याखाली टाकल्या. कमिटी जेवायला गेली. मी पट्ट्यांजवळच बसून राहिलो.

जेवणानंतर तिनं आधी कोरी पट्टी लावली. शून्य. मग हिरवी लावली अन् आकडे सरसर चढायले! मॅडमनी टाचण्या स्वतः सरकवल्या, पुन्हा बघितलं. तेच.

"कोरी पट्टी कुणी सुचवली तुला?" त्यांनी विचारलं.

"तुमची शंका बरोबर होती, मॅडम. मला बी उत्तर पाहिजे होतं."

मॅडमनी चष्मा काढला. "विषय हाच ठेव, बाळ."

माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. "जय भीम!" असा गरजलो की बाहेरचा शिपाई धावत आत आला. सुकेशनी लाजून म्हणली, "पप्पा, हळू की!"

हळू कशापायी? माझी लेक हाय ती!