कुंपणाच्या अलीकडची शिकार

अर्डिस होकन्सनने एकतीस वर्षं गावाच्या अग्निशमन शेडमध्ये शिकारीचा वर्ग घेतला. बंब बाहेर अंगणात काढायचा, आत लोखंडी खुर्च्या मांडायच्या आणि समोर बसलेल्यांना घाम फोडायचा. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात हा वर्ग पास झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. त्यामुळे खोऱ्यातला बंदूक धरणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी तिची बोलणी खाऊन गेलेला होता. पोटापाण्यासाठी ती शाळेची बस चालवायची, पण बस चालवणारी म्हणून तिला कुणी ओळखत नसे. ओळख होती ती ‘बाई’ म्हणून, आणि बाईंच्या नाकावर माशी बसत नसे.

गावापासून शेजारच्या कोलोरॅडो राज्याची हद्द चार मैलांवर. त्यामुळे वर्गातला अर्धा वेळ हद्दीवरच जायचा. एल्क, म्हणजे सांबराच्या जातीचा थोराड प्राणी, इकडे मारला आणि तिकडे जाऊन पडला तर काय करायचं? आधी फोन, मग पाऊल. बंदूक इकडेच ठेवायची. इथला परवाना तिथे चालत नाही, तिथला इथे चालत नाही, आणि एका राज्याने परवाना बंद केला की शेजारची राज्यंही बंद करतात. “कुंपण म्हणजे हद्द नव्हे,” ती फळ्यावर खडू आपटून सांगायची. “कुंपण माणूस घालतो, आणि माणूस आळशी असतो.”

हे ती जगातल्या सगळ्या कुंपणांबद्दल बोलत असे. फक्त एक सोडून. पिवळ्या कड्याखालचं तारेचं कुंपण तिच्या वडिलांनी अठ्ठावन्न साली स्वतःच्या हाताने घातलं होतं. ते हद्दीवरच आहे, याबद्दल तिला कधी शंकाच आली नाही. आपल्या बापाबद्दल कुणाला येते?

वर्गाच्या एकतिसाव्या वर्षी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ती त्याच कुंपणाच्या अलीकडे, सेजच्या झुडपांत बसली होती. वय एकाहत्तर, पाय अजून खणखणीत. नवरा वेंडेल गुडघ्यामुळे खाली पिकअपमध्ये, कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन. साडेसातला एल्कचा एक मोठा नर उतारावरून रमतगमत आला. कुंपणापासून चाळीस पावलं अलीकडे थांबला, मान वळवली. अर्डिसने एक गोळी झाडली आणि तो जागीच कोसळला. इतकी स्वच्छ शिकार वर्गातल्या पोरांना दाखवायला हवी होती, असं तिला वाटलं. खोटं कशाला बोला, छाती फुगली होती तिची.

वेंडेल लंगडत वर आला.

“म्हातारे, काय सुरेख मारलास गं! थांब, फोटो काढतो.”

फोन नवा होता, त्यातला नकाशाही नवा होता आणि वेंडेलला दोन्हींचा ताल जमायचा होता. फोटोऐवजी नकाशाच उघडला. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

“अगं, हा फोन म्हणतोय आपण कोलोरॅडोत आहोत.”

“तुझ्या फोनला मी अजून पास केलेलं नाही,” अर्डिस म्हणाली. पण ती उठली. फोन हातात घेतला आणि निळा ठिपका बघत उत्तरेकडे चालू लागली. कड्यावर, फोन सांगत होता तिथे, झुडपं बाजूला केली. दगडाचा खुंट होता, त्यावर पितळी चकती, दोन्ही राज्यांची नावं दोन्ही बाजूंना कोरलेली. ती तिथून परत एल्कपर्यंत पावलं मोजत आली. बासष्ट. बासष्ट पावलं चुकीच्या बाजूला.

सगळा प्रकार तिला लगेच कळला. हद्द जाते ती कड्याच्या खडकावरून. खडकात खांब रोवायला सुरुंग लावावा लागला असता. वडील खाली मऊ मातीत उतरले आणि तिथे खड्डे खणले. गुरं अडली, काम झालं. पुढे सगळ्यांनी त्या तारेलाच हद्द मानलं, आणि सगळ्यांत आधी तिने.

“आळशी,” ती पुटपुटली. आयुष्यात पहिल्यांदाच ती वडिलांबद्दल असं बोलली.

वेंडेलने इकडे तिकडे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं.

“दोर आहे गाडीत. बासष्ट पावलं ओढायचा फक्त.”

“वेंडेल.”

“एकतीस वर्षं शिकवलंस तू. शिक्षा झाली की वर्ग जाणार. परवाना गेला तर गेला एक वेळ, पण वर्ग गेल्यावर तू घरात बसून मला शिकवशील. माझाही विचार कर की जरा!”

त्याने हे थट्टेत म्हटलं, पण म्हणणं खरं होतं. शिकारीच्या गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला वर्ग घेता येत नाही, हे वाक्य तिनेच दरवर्षी नव्या शिक्षकांना वाचून दाखवलेलं. तिला वर्ग हवा होता. इतका हवा होता की ती दोन मिनिटं खरोखर त्या दोराचा विचार करत उभी राहिली. मग ती कुणावर रागावली होती ते देव जाणे, पण वेंडेलच्या हातातला थर्मास काढून घेऊन अर्धी कॉफी तिने एकटीने संपवली.

“रेंज कुठे येते इथे?” तिने विचारलं.

रेंज टेकाडावर आली. शिकारखात्याचा वॉर्डन लायल एचेवेरी तिचाच विद्यार्थी. पहिल्या परीक्षेत तिने त्याला नापास केलं होतं.

“लायल, मी कोलोरॅडोत एल्क मारलाय.”

“बाई, सकाळी सकाळी चेष्टा नको.”

“चेष्टा नाही. तिकडच्या वॉर्डनला घेऊन ये, गुन्हा त्यांच्या हद्दीतला आहे. आणि त्यांना विचार, आतडी काढून ठेवू का? नाहीतर मांस वाया जाईल.”

“बाई, तुम्ही फोन केला नसता तर…”

“तर तू मला पकडू शकला नसतास. ते मला माहीत आहे. निघ आता.”

कोलोरॅडोची वॉर्डन मॅरिसोल म्हणजे कोऱ्या टोपीतली तरणी पोरगी. तिने चकती पाहिली, अंतर मोजलं, दंडाची पावती लिहायला घेतली. लायल बापडा बूट न्याहाळत उभा. मॅरिसोलने सहज विचारलं, “या पट्ट्यात आधी कधी मारला होता का?”

वेंडेल खोकला. चांगला दणदणीत खोकला.

“खोकू नकोस,” अर्डिस म्हणाली. “तीन. अठ्ठ्याहत्तर, एक्क्याण्णव आणि दोन हजार सहा. वडिलांचे वेगळे.”

मॅरिसोलने पेन खाली ठेवलं. “मावशी, मी आजचाच लिहिणार आहे. मला संध्याकाळी घरी जायचंय.”

मांस तिकडच्या गरिबांच्या भोजनालयात गेलं, शिंगं सरकारजमा झाली. तिने आपणहून कळवलं हे ध्यानात घेऊन परवाना वर्षभरच बंद झाला, आणि त्यानंतर नवा हवा असेल तर वर्ग पुन्हा पास होण्याची अट पडली. शिकवण्याचं ओळखपत्र मात्र कायमचं गेलं. त्या दिवशी तिने शेडची किल्ली लायलकडे नेऊन दिली, घरी आली आणि स्वयंपाकघरात बसून रडली. वेंडेलने काही शहाणपण सांगितलं नाही, नुसती बटाट्याची सालं काढत शेजारी बसला.

पुढच्या ऑक्टोबरात वर्ष भरलं. त्याच आठवड्यात वर्ग भरला. शेडमध्ये एकोणीस खुर्च्या, अठरांवर पोरंटोरं. एकोणिसावीवर, पहिल्या रांगेत, अर्डिस. वही, दोन पेन्सिली, चष्मा. लायल फळ्यापाशी उभा होता आणि त्याला कुठे बघावं ते सुचत नव्हतं. शेवटी त्याने प्रत्येकाला उभं करून नाव आणि वर्गाला का आलात ते विचारायला सुरुवात केली. कुणाला बाबांबरोबर जायचं होतं, कुणाला आजोबांची बंदूक मिळणार होती. तिची पाळी आली तसा तो घाईघाईने म्हणाला, “तुम्ही राहू द्या.”

अर्डिस उभी राहिली.

“मी अर्डिस होकन्सन. मी चुकीच्या राज्यात एल्क मारला. कुंपण माझ्या वडिलांचं होतं, म्हणून मी नकाशा पाहिला नाही. मला पुन्हा शिकारीला जायचंय.” ती खाली बसली, वही उघडली. “आणि मी बहात्तर वर्षांची झालेय लायल, तेव्हा जरा भरभर शिकव.”