इथे प्रश्न विचारू नयेत

वल्लरी ओगले ठाण्यातल्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. कुठला स्क्रू आधी काढायचा नि कुठला नंतर, हे कुणालाही कळेल अशा भाषेत मांडणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. डोंबिवलीला घरी आल्यावर तोच उद्योग ती फुकट करायची.

त्याला कारण तिचे वडील. काचबिंदूने त्र्यंबकरावांची नजर गेली, आणि आयुष्यभर सकाळी तीन वर्तमानपत्रं वाचणारा माणूस गॅलरीत नुसता बसून राहू लागला. मग कुणीतरी 'बोलका' सुचवला. स्क्रीनवर जे दिसतं ते मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला, कुणीही फुकट घ्यावा असा. तो कसा वापरायचा याची माहिती एका विकीवर होती, म्हणजे कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं अशा पानांवर. मराठी पानं तेव्हा अगदीच अर्धीमुर्धी होती. वल्लरीने ती लिहून काढली. वडिलांना अडलं की ती शेजारीच असायची, त्यामुळे कुठे काय अडतं ते तिला कळायचं. बोलका चालवणाऱ्या मंडळींनी खूश होऊन मराठी विभागाची व्यवस्थाच तिच्याकडे सोपवली.

प्रत्येक पानाखाली अभिप्रायाची जागा होती. ती होती पानातली चूक दाखवायला, पण लोक तिथे वाटेल ते विचारायचे. माझा आवाज का येत नाही, कुणी फोन करेल का, नंबर देतो. पान वाचायला आलेल्याला हे सगळंही ऐकावं लागायचं. वल्लरीने नियम केला. ही जागा मजकूर सुधारण्यासाठी आहे, मदत हवी असल्यास मंचावर नाव नोंदवून प्रश्न विचारावा. मंच म्हणजे त्याच मंडळींचं प्रश्नोत्तरांचं वेगळं संकेतस्थळ. एवढं ठरलेलं वाक्य पाठवायचं आणि प्रश्न पुसून टाकायचा. कुणी पुनःपुन्हा तेच केलं तर त्याला लिहायलाच बंदी. आठवड्याभरात पानं लख्ख झाली. विकीवर तिच्याबरोबर काम करणारा सौमित्र म्हणाला, "तुझा विभाग बघितला की बरं वाटतं. नाहीतर बाकीच्यांचा नुसता मासळीबाजार."

असं बरेच दिवस चाललं. मग एके दिवशी कल्याणहून फोन आला. तिथे अंध मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवणारा एक वर्ग होता आणि तो चालवणारे रवींद्र स्वतः जन्मापासून अंध होते. बोलक्याच्या लोकांपैकी कुणी येऊन बोलेल का, असं त्यांनी विचारलं. वल्लरी आनंदाने गेली. फक्त नाव सांगितलं आणि 'माहिती लिहिणाऱ्यांपैकी एक' एवढीच ओळख दिली.

बोलणं झाल्यावर तिने सहज विचारलं, "तुमच्यापैकी मंचावर कोण कोण आहे?"

वर्गात खसखस पिकली.

"मॅडम, मंचावर आमच्यातलं कोण असणार?" रवींद्र म्हणाले. "दारातच अडवतात. या, बसा इथे. स्क्रीन बंद करतो, तुम्हीच नाव नोंदवून दाखवा."

स्क्रीन काळी झाली. वल्लरीने कानांना हेडफोन लावला आणि कळा दाबत पुढे गेली. नाव झालं, पत्ता झाला. मग बोलका म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र." तिने स्क्रीन चालू करायला सांगितली. आपण माणूसच आहोत हे पटवायला सिग्नलचे दिवे असलेली चित्रं निवडा, असं तिथे लिहिलं होतं. खाली चित्रांऐवजी आवाज ऐकण्याचं बटण होतं, पण ते दाबून काहीच होत नव्हतं. स्वतःचं नाव तिने कधीकाळी नोंदवलं तेव्हा ती चित्रं तिने डोळ्यांनी बघून पटापट निवडली होती आणि विसरूनही गेली होती. वडिलांना मंचाची गरजच पडली नव्हती.

"मग अडलं तर विचारता कुठे?"

"एकमेकांना," मागून एक मुलगी म्हणाली. "विकीवर खाली लिहायची सोय आहे, पण तिथे एक बाई बसलीये. लिहिलं रे लिहिलं की हाकलते."

सगळे हसले. रवींद्रही हसले, पण मग गंभीर होऊन म्हणाले, "हसण्यासारखं नाही खरं तर. मोहने गावची आपली कल्पिता. काय हुशार पोरगी. घरबसल्या काम मिळालेलं तिला, रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं. मराठी आवाज बदलायला गेली, विकीवरचं वाचून. त्यात लिहिलं होतं, आधी जुना आवाज काढा, मग नवा घाला. जुना काढला आणि कॉम्प्युटर मुकाच झाला. नवा घालायचा तर ऐकू काय येणार? मोबाइलवरून बिचारीने पानाखाली लिहून विचारलं, तर पुसून टाकलं. परत विचारलं, परत पुसलं. शेवटी बंदीच घातली."

"मग?" वल्लरीने विचारलं.

"मग काय, काम गेलं. मी तेव्हा गावी गेलेलो, फोन लागत नव्हता. आलो तोवर तिने नाद सोडून दिलेला."

ती बाई मीच, असं सांगायला वल्लरीने तोंड उघडलं तर फक्त चहा नको एवढंच बाहेर पडलं. रवींद्रांनी दरवाजापर्यंत येऊन तिचे आभार मानले. ते आभार तिला जिना उतरताना पाठीवर ओझ्यासारखे जाणवत राहिले.

घरी येऊन तिने आधी ते पान उघडलं. आवाज बदलायचं पान तिनेच लिहिलं होतं. बोलक्याची नवी आवृत्ती आल्यापासून क्रम उलटा झाला होता, आधी नवा घालायचा आणि मग जुना काढायचा. पानावर अजून जुनंच होतं. म्हणजे कल्पिताने विचारलं होतं ते निव्वळ गाऱ्हाणं नव्हतं. पानातली चूकच ती दाखवत होती, आणि अभिप्रायाची जागा नेमकी त्यासाठीच होती. पुसलेला मजकूर व्यवस्थापकांना दिसतो. वल्लरीने तो काढून वाचला. शेवटच्या वेळी कल्पिताने लिहिलं होतं, 'माझं काही चुकलं असेल तर माफ करा, पण आता काय करू तेवढं सांगा.' त्यानंतर बंदी होती. घालणारीचं नाव वल्लरी ओगले.

पान तिने तेव्हाच सुधारलं, कल्पितावरची बंदी उठवली. चित्रांची अट काढायला लावली, त्यासाठी मंचवाल्यांशी भांडली. या सगळ्याला दोन आठवडे गेले, आणि ते सगळं कल्पिताला फोन करण्यापेक्षा सोपं आहे हे तिला मनातून ठाऊक होतं. सौमित्रला सांगितलं तर तो म्हणाला, "नियम बरोबरच होता गं. तुला काय माहीत ती कोण ते. एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

मग तिने वडिलांना सांगितलं. त्र्यंबकराव म्हणाले, "माझा कॉम्प्युटर असा गप्प झाला असता, तर मी हाक मारली असती आणि तू आतून आली असतीस. त्या मुलीनेही हाकच मारली होती ना?"

दुसऱ्या दिवशी तिने रवींद्रांना फोन केला आणि ती बाई मीच, असं सांगितलं. त्यांनी राग न दाखवता कल्पिताचा पत्ता दिला. फक्त 'मॅडम' म्हणायचं त्यांनी त्या बोलण्यात सोडून दिलं होतं.

मोहन्यात उतरल्यावर रिक्षावाल्यानेच घर दाखवलं. कल्पिताचे वडील तिथल्या जुन्या रेयॉनच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर आता ती आणि तिचा भाऊ सुदेश असे दोघंच. रविवार होता. सुदेशने खुर्ची पुढे केली. कल्पिता पलंगावर मटार सोलत बसली होती.

वल्लरीने येताना सगळं नीट जुळवून ठेवलं होतं, पण बोलायला लागल्यावर ते सगळं सांडलं. पान चुकीचं होतं, तुमचा प्रश्न बरोबर होता, तो मी न वाचता पुसला, मंचाचं दार बंद होतं ते मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असायला हवं होतं.

कल्पिताचे हात थांबले नाहीत. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलेलं, मीच काहीतरी भलतं दाबलं. बंदी आली तेव्हा तर वाटलं, चोरीबिरी केल्यासारखं काहीतरी झालंय आपल्याकडून. सुदेशला पण नाही सांगितलं. लाज वाटली."

सुदेश दारात उभा होता. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि तो आत निघून गेला.

"मी दुरुस्त करून देते," वल्लरी म्हणाली. "आत्ता, बसल्या बसल्या."

"द्या की. पण ते काम नाही आता परत मिळत. मी विचारलेलं मागे. ते सगळं मशीनच करतं म्हणे आता, माणूस लागत नाही. थोडेच महिने होते ते, पण आवडायचं मला. लोकांच्या मुलाखती असायच्या. कोण कुठली बाई तिची सगळी गोष्ट सांगतेय आणि मी लिहितेय." ती थोडी हसली. "आता कल्याणला एका दवाखान्यात फोन घेते. नंबर लावते पेशंटचे. बरं आहे ते पण."

कपाटावरून कॉम्प्युटर खाली आला. वल्लरीने नवा आवाज घातला. यंत्र बोलू लागलं तेव्हा कल्पिताने मान वाकडी करून ऐकलं आणि वेग वाढवायला सांगितला. आणखी वाढवा, आणखी. वल्लरीला शब्दही कळेनासे झाले तिथे कल्पिताला बरं वाटलं.

निघताना वल्लरी म्हणाली, "राग असेल तर बोला."

"राग काय, आता कळलंय ना, येईल हळूहळू," कल्पिता म्हणाली, आणि मटाराचं ताट बाजूला सरकवून ती कळा चाचपू लागली.

तो नियम वल्लरीने मोडीत काढला. आता तिच्या विभागात उत्तर दिल्याशिवाय प्रश्न हलवत नाहीत. पानं पूर्वीसारखी लख्ख राहिली नाहीत, काम वाढलं, आणि कंटाळून कधी कधी तिचं बोट जुन्या सवयीने पुसायच्या बटणाकडे जातंही. जुने पुसलेले प्रश्न काढून ती एकेकाला उत्तर पाठवते. बहुतेकांकडून काहीच येत नाही. खडवलीच्या एका गृहस्थांनी मात्र लिहिलं, आपण कोण, मला आठवत नाही, कॉम्प्युटर मी केव्हाच देऊन टाकला. ते तिने वडिलांना वाचून दाखवलं नाही.

गेल्या महिन्यात एका पानाखाली कल्पिताचा अभिप्राय आला. 'यातली तिसरी पायरी कुणाला कळणार नाही. अशी का लिहिली आहे?' वल्लरीने ती पायरी पुन्हा लिहिली. उत्तर आलं, 'अजून नाही.' तिने तिसऱ्यांदा लिहायला घेतली.