थर्माकोलचा स्लॅब

"ह्यो स्लॅब पडायचा सीन काढून टाका," आप्पा म्हणाले.

लातूरच्या आमच्या टॉकीजमध्ये ट्रायल नुकतीच संपली होती. नव्या पिक्चरची प्रिंट आली की पहिल्या शोच्या आधी ती एकदा चालवून बघतात, त्याला ट्रायल म्हणतात. फिल्म कुठे तुटलीय का, आवाज नीट आहे का, रिळांचा क्रम बरोबर आहे का, एवढंच बघायचं असतं. गोष्ट कुणी बघत नाही. त्या दिवशी मात्र आम्ही तिघांनी गोष्टच बघितली होती. तिघं म्हणजे मालक आप्पा, ऑपरेटर शंकरराव आणि मी, मॅनेजर हमीद.

"आप्पा, तो शेवटचा सीन आहे. तो काढला तर पिक्चरमध्ये काय राहिलं?"

"काय बी ऱ्हाऊ द्या. लातुरात स्लॅब पडलेला दाखवू अन् माणसं पळाली तर? चेंगरून एखादं मेलं तर जेलात कोण जाणार? तुमी का मी?"

आप्पांचं चुकत नव्हतं. भूकंपाला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. शहरातली बरीचशी घरं जागेवर होती, पण कित्येक माणसं अजून अंगणात झोपत होती. आमच्या इमारतीला तडा गेला नव्हता. इंजिनिअरने तपासून सर्टिफिकेट दिलं होतं. ते मी फ्रेम करून बुकिंगच्या खिडकीवर टांगलं. लोक यायचे, थांबून ते सबंध वाचायचे आणि तिकीट न काढता निघून जायचे. सुरक्षित हा शब्द वाचूनच त्यांना वर बघावंसं वाटत असणार.

त्यात एक प्रकार घडला होता. बाल्कनीच्या पायऱ्यांवरून कुणाचा तरी जेवणाचा डबा गडगडत खाली आला. "हाललं!" असं कुणीतरी ओरडलं. पाणी ओतावं तसा हॉल रिकामा झाला. दारात एका माणसाचा हात मोडला. नशीब की त्या शोला माणसंच थोडी होती.

आणि आप्पांची सहनशक्ती संपत आली होती. लातुरात तेव्हा क्लासचं पीक जोरात येऊ लागलं होतं. फिजिक्सचे एक सर आमचा हॉल भाड्याने मागत होते. मी त्यांना विचारलं, "सर, पोरं बसतील का या छपराखाली?" ते शांतपणे म्हणाले, "बारावीच्या भीतीपुढं दुसरी कुठली भीती टिकत नाही." आप्पांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, हा पिक्चर पडला की किल्ली सरांकडे. टॉकीजवर बारा घरं चालत होती. तेरावं माझं, नांदेडला. दोन मुली शाळेत होत्या. क्लासला मॅनेजर लागत नाही, हे मला कळत होतं.

पिक्चर मीच निवडला होता. नांदेडला घरी गेलो असताना तो बघितला. मोठा हिरो नाही, नावाजलेली हिरॉईन नाही. धंद्यात अशा मालाला 'भुताचा पिक्चर' म्हणतात, त्यात भूत असो वा नसो. पण नांदेडचा हॉल भरलेला होता आणि लोक हसून हसून शेजाऱ्याच्या अंगावर पडत होते.

गोष्ट सांगतो. एका नौटंकी कंपनीचा मालक असतो. त्याचे तीन भागीदार त्याला फसवतात, भर प्रयोगात त्याची टर उडवतात आणि शेवटी नदीत ढकलून देतात. तो वाचतो. मग तोंडाला पांढरी पावडर फासून, मुकुट घालून एकेकाचा सूड घेतो. पण साधा सूड नाही. आधी तीन घंटा वाजवतो. मग समोरच्याचं पाप यमकात गाऊन दाखवतो. मग मारतो, आणि मेलेल्याला वाकून मुजरा करतो. खोट्या साक्षी देणारा वकील कागदांच्या गठ्ठ्यांखाली दडपतो. खादाड सावकार कढीच्या हौदात जातो, आणि बुडता बुडता "मीठ कमी आहे" म्हणतो. शेवटचा कॉन्ट्रॅक्टर. याने सिमेंटमध्ये वाळू मिसळून नवं थिएटर बांधलेलं असतं. तो पहिल्या रांगेत मधोमध ऐटीत बसतो आणि त्याच्याच थिएटरचा स्लॅब त्याच्यावर पडतो.

नांदेडला बघताना हा स्लॅब माझ्या डोक्याला लागलाच नाही. नांदेड भूकंपापासून लांब. लातूरच्या रिकाम्या हॉलमध्ये आप्पांच्या शेजारी बसून बघितला तेव्हा मी आधी वर छताकडे बघितलं.

शंकररावांनी कुरकुरत तुकडा कापला. यात फार काही नसतं. फिल्म टेबलावर ताणायची, कात्रीने दोन ठिकाणी कापायची, उरलेली टोकं सोल्युशनने जोडायची. कापलेला तुकडा डब्यात ठेवायचा, कारण प्रिंट परत करताना तो जागच्या जागी लावून द्यावा लागतो.

"सापाचे दात पाडले अन् म्हणतेत गारुड्याचा खेळ करा," शंकरराव म्हणाले.

शुक्रवारी दुपारी तीनचा शो. दारावर आमचा डोअरकीपर गोरोबा उभा होता. गोरोबाचं सांगायला हवं. त्याचं गाव किल्लारीकडचं. भूकंपाच्या रात्री शेवटच्या शोनंतर गावाकडे गाडी नव्हती, म्हणून तो टॉकीजच्या व्हरांड्यात झोपला होता. तो वाचला. घरात बायको आणि धाकटी मुलगी होती, त्या दोघी मातीच्या माळवदाखाली गेल्या. महिन्याभराने तो कामावर परत आला, पण हॉलच्या आत पाऊल टाकेना. दारात उभा राहून तिकिटं फाडायचा आणि लोकांना बाहेरूनच बॅटरी मारून खुर्ची दाखवायचा. मी त्याला कधी टोकलं नाही. टोकायला जीभ रेटली नाही.

त्या दिवशी माणसं आली. चांगली आली. नांदेडच्या पाहुण्यांनी जाहिरात केली होती आणि ती आमच्या पोस्टरपेक्षा जोरदार होती. वकील मेला तेव्हा शिट्ट्या पडल्या. कढीच्या हौदाला लोक खुर्च्यांवर उभे राहिले. इतक्या दिवसांनी भरल्या हॉलचा आवाज ऐकून माझे डोळे भरून आले, लाज कसली सांगायला.

मग शेवट आला. कॉन्ट्रॅक्टर पहिल्या रांगेत बसला. तीन घंटा झाल्या. नौटंकीवाल्याने वाळूवरचं कवन गायलं. आणि खट्कन तो वाकून मुजरा करताना दिसला. पिक्चर संपला.

हॉलमध्ये क्षणभर कुणाला काही कळेना.

"स्लॅब कुठाय?" मागून एक आवाज आला.

"अरे स्लॅब खाल्ला की ह्यांनी!"

"स्लॅब! स्लॅब!" सगळा हॉल सुरू झाला. खुर्च्या आपटू लागल्या. आप्पा धावत माझ्याकडे आले. मी पडद्यासमोरच्या कट्ट्यावर चढलो आणि हात जोडले.

"मंडळी, प्रिंट अशीच आली आहे..."

"खोटं बोलू नका मॅनेजर! माझ्या मेव्हण्यानं बगितलाय नांदीडला!"

लेडीजच्या बाजूने एक बाई उठल्या. साठीच्या असतील. त्यांना उभं राहिलेलं बघून बाकीचे जरा गप्प झाले.

"आमी औशाकडच्या हावत," त्या म्हणाल्या. "वरीस झालं, पत्र्याच्या शेडमंदी ऱ्हायलोत. वरून पडतंय म्हंजी काय, ते आमाला ठावं हाय. तुमी कुणापासून झाकायलाव?"

मी खाली आप्पांकडे बघितलं.

"तुकडा डब्यात आहे आप्पा. तेवढाच वेगळा चालवता येईल."

"अन् माणसं पळाली तर?"

"दारं उघडी ठेवू. सगळी. दिवेही लावू. आधी सांगू, मग दाखवू."

आप्पांनी त्या बाईंकडे बघितलं, वर छताकडे बघितलं. मग धोतर सावरत ते पहिल्या रांगेत गेले आणि नेमके मधल्या खुर्चीत बसले.

"लावा," ते म्हणाले. "पडला तर आधी मालकावर पडंल."

कॉन्ट्रॅक्टरही पिक्चरमध्ये तिथेच बसला होता, हे आप्पांच्या ध्यानात नव्हतं. पब्लिकच्या ध्यानात होतं. हशाने हॉल दणाणला.

दारं उघडली. दुपारचं ऊन आत आलं. दिवे लावले. मी कट्ट्यावरून मोठ्याने सांगितलं, "मंडळी, आता स्लॅब पडणार आहे. पिक्चरमधला. आपला जागेवर आहे." आणि वर शंकररावांना हात केला.

उजेडात पडदा फिकट दिसत होता, पण दिसत होता. छताला तडा गेला. धूळ पडली. मी पडदा सोडून लोकांकडे बघत होतो. लेडीजमध्ये दोघीतिघींनी तोंडात पदर धरला. एका माणसाने खुर्चीची कड घट्ट पकडली. इथे जर एकजण उठला असता तर सगळं संपलं असतं.

स्लॅब पडला. कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आपटला आणि टुणकन वर उडाला.

थर्माकोल होता तो. स्वस्तातला पिक्चर, त्यांना कुठलं खरं बांधकाम परवडतंय. एक मोठा तुकडा उडून मागच्या रांगेत गेला, दुसरा कॉन्ट्रॅक्टरच्या फेट्यात उभा खोचला गेला. आपण मरायचं आहे हे त्या नटाच्या उशिरा लक्षात आलं. तो आधी फेटा चाचपून बघतो आणि मग मरतो.

आधी कुणीतरी एकटंच हसलं. मग सगळे. असं हसणं मी धंद्यात आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्यात रडणंही होतं. औशाच्या बाई खाली बसून मांडीवर हात मारत हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"वन्स मोअर!"

शंकररावांनी तुकडा हाताने गुंडाळून पुन्हा लावला. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी मला खुर्च्यांमधल्या वाटेत खाली कुणीतरी बसलेलं दिसलं. गोरोबा होता. उघड्या दारातून बघता बघता तो आत आला होता.

लोक गेल्यावर मी त्याच्याजवळ बसलो. म्हणालो, "गोरोबा, त्रास झाला का?"

"न्हाई साहेब." त्याने पडद्याकडे बोट केलं. "हितं मरणारा पापी हाय. घंटा वाजती. का मारायलाव ते गाऊन सांगतेत. मारून झाल्यावर वाकून मुजरा बी करतेत." मग म्हणाला, "आमच्यात कुणी काय केल्तं? कुणी सांगितलंच न्हाई. हितं कसं, समदं कळतंय. म्हून जरा बरं वाटलं बगा."

मी त्याचा हात धरला.

पिक्चर पाच आठवडे चालला. दर शोला शेवटाआधी शंकरराव पिक्चर थांबवायचे, दारं उघडायची, मी कट्ट्यावर चढून घोषणा करायचो आणि टॉकीजची घंटा तीनदा वाजवायचो. पब्लिक माझ्याबरोबर मोजायचं. खरं सांगायचं तर मला त्याची चटक लागली होती. बायको नांदेडहून आली, शो बघितला आणि म्हणाली, "मियाँ, पावडर तेवढी बाकी है." चौथ्या आठवड्यात लोकच ओरडू लागले, "दारं लावा, दिसत न्हाई!" त्या शोला आम्ही दारं लावली. कुणी उठलं नाही.

फिजिक्सच्या सरांनी मार्केट यार्डाकडे एक गोदाम घेतलं आणि तिथे त्यांचंही भलं झालं. बारा घरं चालू राहिली, तेरावंही. आप्पांनी पगार दिला त्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "तुम्ही त्या खुर्चीत बसलात म्हणून झालं." ते म्हणाले, "मला तरी कुठं बसायचं हुतं? पाय लटपटायलेते, म्हून बसलो."

प्रिंट परत करायला मी नांदेडला गेलो तेव्हा वितरकाच्या माणसाने शेवटचं रीळ उजेडात धरलं. "बाकीची प्रिंट ठीक आहे. इथंच एवढे ओरखडे कसे?" मी म्हणालो, "आमच्याकडे हा सीन जरा जास्त चालला."

त्या पिक्चरच्या डायरेक्टरचं नाव मला आता आठवत नाही. त्याच्यावर कुणी लेख लिहिला नसेल, हार घातला नसेल. पण त्याने स्लॅब थर्माकोलचा केला, त्याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. त्या बाईंचाही, ज्यांचं नाव मी विचारलं नाही. आणि सगळ्यात जास्त गोरोबाचा. भुताच्या पिक्चरला एवढी माणसं का येतात, हे इतकी वर्षं तिकिटं विकून मला कळलं नव्हतं, ते त्याने खुर्च्यांमधल्या वाटेत बसून सांगितलं.

पुढे कुठलाही पिक्चर घेताना आप्पा मला विचारायचे, "मॅनेजर, लोकांना झेपंल का?" मी एकच सांगायचो. त्यांना काय झेपत नाही ते आपण परस्पर ठरवायचं नाही. आपण कात्री ठेवून द्यायची आणि त्यांना विचारायचं.