सहा लिटर पाणी आणि राहिलेले सत्तर मीटर

तिकिटं दोन काढली होती. गेले एकटीच.

हे आधीच सांगते, नाहीतर फोटोंमध्ये दुसरं कोणीच का नाही असं विचाराल. मी बीड जिल्ह्यात विहिरींची पाणीपातळी मोजणाऱ्या एका प्रकल्पात तपासनीस आहे. शबाना (नाव बदललंय, तिला विचारून) डिप्लोमाला माझ्या वर्गात होती, नंतर याच प्रकल्पात मोजणीला. अंदमानातल्या एका डोंगराळ, राखीव जंगलाच्या बेटावर जायचं हे आमचं कॉलेजपासूनचं ठरलेलं. गेल्या पावसाळ्यात विमानाची तिकिटं काढली, जंगलखात्याचा परवानाही दोघींच्या नावे मागवला. त्यानंतर दोन आठवड्यांनी तिचे वडील दवाखान्यात होते, आणि तिने त्या महिन्याचे आकडे विहिरींवर न जाता घरी बसून भरले. तपासणीत मला ते सापडले. मी तिला फोन केला नाही, सरळ अहवालात लिहिलं. अहवाल बरोबर होता. तिचं काम गेलं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

फेब्रुवारीत निघाले. परत आल्यावर तिला भेटायचं होतं, आणि काय बोलायचं ते माहीत नव्हतं.

नेकनूरच्या स्टँडवर आई सोडायला आली. "एकटीच कावून चालली? ती गेवराईची पोरगी न्हाई का संगं?"

"तिला काम हाय."

"लई दिस झाले, घरी बी आली न्हाई."

तेवढ्यात बस आली. बरं झालं.

बीडहून हैदराबादपर्यंत बस, तिथून चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम. पुढे बोट, सात तास. बोटीचं तिकीट आदल्या दिवशी धक्क्यावरच्या खिडकीतच मिळतं. ओळखपत्राच्या चार झेरॉक्स आणि पुरेशी रोख रक्कम जवळ ठेवा, बेटावर एटीएम नाही. मोबाइलला रेंजही नाही. बेटाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. कारण पुढे येईल.

बोटीतून आधी ढग दिसतो. मग लक्षात येतं की ढगाच्या खाली डोंगर आहे, आणि डोंगर सरळ समुद्रातूनच वर आलाय. सपाट जागा अशी जवळजवळ नाहीच. आमच्याकडे हिरवा रंग चार महिने असतो आणि त्यातून माती दिसत राहते. इथे माती शोधावी लागते.

विश्रामगृहात मी एकटीच पाहुणी. खोलीत दोन पलंग, दोन्हींवर घडी घातलेले टॉवेल. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी संध्याकाळी दोन ताटं वाढली: भात, मासळीचा रस्सा, पपईची भाजी. परवान्यावर दोन नावं होती ना. एकटीच आलेय असं सांगितल्यावर त्यांनी दुसरं ताट उचललं. जेवण चांगलं होतं. मी लवकर उरकलं.

सकाळी सहाला चढाई. वाटाड्या सक्तीचा आहे. माझ्याबरोबर एतवाकाका होते, वय पन्नाशीचं. त्यांच्या आजोबांना जंगलतोडीच्या कामासाठी रांचीकडून इथे आणलं होतं. माझी पाठपिशवी उचलून पाहताच ते थांबले.

"दीदी, इसमें पत्थर है क्या?"

"पानी. छह लिटर."

ते इतके हसले की मावशी बाहेर आल्या. "सुनो, दीदी पहाड़ पर पानी लेके जा रही है!"

त्यांचं हसणं मला अर्ध्या तासात कळलं. वाटेवर बारा ओढे ओलांडले, मी मोजले. शेवटचा शिखराच्या अगदी खालून वाहतो. पाणी दगडातून, मुळांतून, शेवाळातून झिरपतं. मी रोज जमिनीखाली किती मीटरवर पाणी आहे ते लिहिते. इथे ते डोक्याच्या वरून ठिबकत होतं. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. मागे वळले, मागे नुसती वाट होती.

पहिले तीन किलोमीटर किनाऱ्याने, पुढे खडा चढ. भरती आली की किनाऱ्याची वाट बुडते, म्हणून दुपारी बाराला असाल तिथून परत फिरायचं. अकरा वाजता मी ठरल्या वेळेच्या बरीच मागे होते. खांदे सोलवटले होते.

"फेंक दो ना पानी," काका म्हणाले. आम्ही ओढ्यातच उभे होतो.

मी बाटली काढली. झाकण उघडलं. बाटली तिरकी केली, पण हात पुढे गेला नाही. आमच्याकडे टँकर येतो तेव्हा सांडलेलं पाणी आई फडक्याने टिपून झाडाला पिळते. मी झाकण लावलं आणि बाटली परत पिशवीत ठेवली. काका पिशवी घ्यायला तयार होते, तीही दिली नाही.

बाराला थांबलो. उंचीमापकानुसार शिखर सत्तर मीटर वर होतं. वर धुकं, मध्ये नेचे, पक्ष्याचा आवाज, पक्षी दिसला नाही. पाच मिनिटं बसले. परत फिरले.

खाली जंगलखात्याच्या चौकीवर नोंदवही होती. काकांनी आमची ओळ सकाळीच भरून ठेवली होती. परवान्याप्रमाणे दोन नावं, दोघींच्या पुढे 'शिखर तक'.

"काका, मैं नहीं पहुँची. और ये तो आई ही नहीं."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अधूरा लिखेंगे तो साहब बोलेगा रास्ता खराब है. रास्ता बंद. हम आठ घर इसी पे खाते हैं, दीदी."

पेन माझ्या हातात होता. खोडायला एक रेघ पुरली असती. शबानाच्या आकड्यांखाली मी लाल रेघ ओढली होती, तीही एकच.

मी सही केली.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी गेवराईला गेले. शबानाच्या वडिलांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. ते आता बसून असतात, काम ती करते. मला पाहून तिने तांब्याची तार गुंडाळणं थांबवलं नाही.

"आपुन गेलतो त्या बेटावर," मी म्हणाले. "म्हंजी, तू बी. तिथल्या वहीत तुजं नाव हाय. शिखरापर्यंत."

तिचा हात थांबला. मी सगळं सांगितलं. सही केली तेही.

"म्हंजी तुजी नोंद बी खोटीच की."

"हाय. आन तुला आधी फोन करायला पायजे होता."

तिने तार पुन्हा गुंडाळायला घेतली. आत तिच्या अब्बांचा खोकला ऐकू येत होता. मग तिने विचारलं, "सत्तर मीटरसाठी कावून राहिली गं?"

"पिशवी जड होती. सहा लिटर पाणी."

"वतून द्यायचं."

"तू वतलं असतं का?"

तिने तारेचं एक टोक माझ्या हातात दिलं, ताणून धरायला.

"न्हाई," ती म्हणाली.