नळाच्या रांगेतली बकरी

कांजूरमार्ग पूर्वेला, पंचशील नगरच्या नाक्यावर एक काळा फळा आहे. सहा फूट बाय चार, वर लाल पट्टी, पट्टीवर मंडळाचं नाव. चोवीस वर्षं त्या फळ्यावर अंबादास सोनकांबळे लिहितात. पोटासाठी रिक्षांच्या मागे नावं रंगवली, शिक्षण आठवीपर्यंत, पण अक्षर असं की वॉर्ड ऑफिसचा साहेब माणूस पाठवून फळ्याचा फोटो काढून नेई. वर 'जाहीर सवाल' लिहायचं आणि खाली गटार, पाणी, डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास, ज्याचा त्या दिवशी नंबर असेल तो. रोज सकाळी ओल्या फडक्याने कालचं पुसायचं, आजचं लिहायचं. फळ्यावर खोटं एक अक्षर कधी पडलं नाही, याचा त्यांना माज होता. माज हाच शब्द बरोबर आहे. अभिमान म्हटलं तर त्यांनाच हसू येईल.

मंडळाचा नवा सेक्रेटरी आकाश, तीस-बत्तीसचा, अंधेरीला कुठल्याशा ऑफिसात कामाला. मीटिंगमध्ये तो म्हणाला, "काका, फळा आता वाचतं कोण? सगळं ग्रुपवर येतं. एक क्लासवाला जागा मागतोय, फ्लेक्स लावायचाय त्याला."

"पोरं वाचतात."

"कुठली पोरं?"

"शाळेत जाता-येता वाचतात. तुला काय माहीत, तू त्या टायमाला ट्रॅफिकमध्ये असतोस."

"मग दाखवा ना. महिन्याभरात दहा पोरं फळ्यासमोर थांबलेली दाखवा. क्लासवाल्याला मी स्वतः नाही सांगतो. नाहीतर फ्लेक्स."

अंबादासांचं डोकं फिरलं की आधी तोंड चालतं. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "दहा काय घेऊन बसलास. सोमवारपासून पोरांसाठी गोष्ट लिहितो. रस्ता अडेल."

टाळ्या पडल्या. घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं की गोष्ट कशी लिहितात हे आपल्याला माहीत नाही.

सोमवारी त्यांनी लिहिलं: 'एक मुलगा होता. तो शाळेत वारंवार गैरहजर राहत असे. त्यामुळे त्याचे पुढीलप्रमाणे नुकसान झाले.' खाली एक, दोन, तीन, चार. अक्षर झकास. वडापावच्या गाडीआड उभं राहून ते बघत बसले. दुपारच्या शाळेची पोरं आली आणि गेली. एक थांबला, तो बुटाची लेस बांधायला.

त्या रविवारी ते मुलुंडला पोचले. तिथल्या एका वाचनालयात रविवारी बालकथा शिकवतात असं कुणी सांगितलं होतं. शिकवणाऱ्या शुभाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, मुलांसाठी तीस वर्षं लिहिणाऱ्या. अंबादासांनी गैरहजर मुलाची गोष्ट खणखणीत आवाजात वाचली. शुभाताईंनी चष्मा काढून पुसला.

"अंबादासराव, तात्पर्य काढून टाका."

"ते काढलं तर उरतं काय?"

"तेच बघायचंय आपल्याला."

बाकीच्यांनी हे वहीत उतरवून घेतलं. यात उतरवून घेण्यासारखं काय होतं ते अंबादासांना कळेना. परत आले तर नाक्यावर आकाश भेटला. "काका, गोष्टीत काहीतरी बोध टाका. एप्रिलमध्ये जयंती आहे, पोरांवर संस्कार झाले पाहिजेत."

म्हणजे मुलुंडमध्ये बोध काढायचा आणि कांजूरला घालायचा. मधे नाहूर आणि भांडुप, दोनच स्टेशनं. तेवढ्या अंतरात माणसाने करायचं काय?

दोन आठवडे हा घोळ चालला. एक दिवस ते बोध वर लिहीत, दुसऱ्या दिवशी खाली, तिसऱ्या दिवशी अर्धाच. पोरं दोन थांबली, एक थांबला, कधी कुणीच नाही. तिसऱ्या रविवारी शुभाताई म्हणाल्या, "डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी लिहा हो. नुकसान कुणी पाहिलेलं नसतं." हे मात्र त्यांना पटलं. गल्लीत एक बकरी होती, सकाळी खरंच नळावर येऊन उभी राहायची.

सोमवारी फळ्यावर आलं: 'एक बकरी होती. ती रोज पहाटे नळाच्या रांगेत उभी राहायची. तिच्याकडे हंडा नव्हता. तरी ती नंबर लावायची.' चार पोरं थांबली. मंगळवारी: 'एक माणूस मागून आला. त्याने बकरीला ढकललं आणि पुढे घुसला. बकरी काही बोलली नाही.' पुढचा बेत त्यांनी आखून ठेवला होता. शनिवारी बकरीची शिस्त बघून सगळी गल्ली खजील होणार आणि सरळ रांगेत उभी राहणार. बोध आहे, पण लिहिलेला नाही. मुलुंडही खूश, मंडळही खूश.

बुधवारी ते गाडीआड उभे होते. फळ्यासमोर पाच पोरं. त्यातला एक म्हणाला, "काल काय झालेलं? मी नव्हतो आलो."

आता फळ्याची गंमत अशी की कालचं पुसलेलं असतं. दुसरीतली श्रुतिका, दप्तर गुडघ्यापर्यंत लोंबणारं, पुढे झाली. "काल एक माणूस आला ना, तो बकरीला बोलला, हट. तर बकरी बोलली, मी साडेपाचपासून उभी आहे, तू कुठून टपकलास? मग त्याची वाट लागली."

"मग?"

"मग तिने त्याच्या बादलीत तोंड घातलं."

अंबादासांनी हातातला वडापाव गाडीवर ठेवला. चोवीस वर्षांत त्यांचं लिखाण कुणी फिरवून सांगितलं नव्हतं. एकदा एका नगरसेवकाच्या माणसाने तो प्रयत्न केला होता, त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली होती. ते गाडीआडून बाहेर आले.

"ए पोरी, असं लिहिलं नव्हतं मी."

"तुम्ही पुसलं ना," श्रुतिका म्हणाली.

गुरुवारी सकाळी रागाच्या भरात त्यांनी फळ्यावर जे लिहिलं ते असं: 'खुलासा. नळावरची बकरी बोलली, अशी अफवा काही मुले पसरवत आहेत. सदर बाब निराधार आहे. बकरी बोललेली नाही. अंबादास सोनकांबळे.' खाली दुहेरी रेघ.

आणि त्या दिवशी आठ पोरं थांबली. गोष्टीला पाच, खुलाशाला आठ. हे काय गणित आहे हे त्यांना उमगेना. श्रुतिकाने खुलासा बोट लावून दोनदा वाचला आणि गाडीपाशी आली.

"फळ्यावाले आजोबा, मग ती गप्प का होती?"

"बकरी आहे ती."

"बकरी ओरडते तरी. ती ओरडली पण नाही. का?"

"शिस्तीची होती म्हणून."

"ढकललं तरी?"

शाळेची घंटा झाली म्हणून ते वाचले. पण प्रश्न त्यांच्याबरोबर घरी आला. त्यांनी चंपाबाईंना, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

"ती पोरगी बरोबर विचारते," त्या म्हणाल्या. "रांग मोडून नळाला पाइप लावला म्हणून तुम्ही त्या माणसाला ढकलून दिला होता. दोन टाके पडले त्याला. आणि पोरांना सांगताना बकरी गप्प?"

"पोरांना काय मारामारी शिकवू?"

"मी कुठे म्हटलं शिकवा? ती गप्प का, एवढंच विचारलं तिने."

त्यांनी शुभाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मलाही नाही माहीत. पण फार छान झालं हे." कुणाचं छान झालं, हे न विचारताच अंबादासांनी फोन ठेवला. बकरी त्यांनीच लिहिली होती. तिला ढकलणारा माणूसही त्यांनीच आणला होता. मग ती तोंड मिटून उभी का राहिली, हे ठाऊक असायला हवं ते दुसऱ्या कुणाला? आयुष्यभर ज्याने आवाज बंद ठेवला नाही त्याच्या हातून असली बकरी लिहून होते, म्हणजे काय समजायचं? लाज वाटावी की नुसतंच नवल, तेही त्यांना ठरवता येईना.

शुक्रवारी खडू हातात धरून ते बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले. आखलेला बेत लिहायचा तर हात चालेना. श्रुतिकाचं लिहायचं तर ते खोटं. शेवटी त्यांनी लिहिलं: 'बकरी गप्प का राहिली, हे लिहिणाऱ्याला माहीत नाही.' फळ्यावर 'माहीत नाही' पहिल्यांदा आलं होतं. पुसावं असं तीनदा वाटलं. मग चौथ्यांदा वाटायच्या आत ते घरी निघून गेले.

शनिवार मुदतीचा. आकाश सुट्टी असल्याने आला होता, क्लासवाल्याचा फोन त्याला सकाळपासून येत होता. अंबादासांनी नवीन काही लिहिलं नव्हतं. कालची ओळ तशीच होती. दुपारच्या शाळेची पोरं आली. बारा होती. पण फळ्याकडे कुणीच बघत नव्हतं. बाराही पोरं फळ्याकडे पाठ करून, एकमेकांसमोर उभी राहून भांडत होती. एक म्हणे बकरी मुकी होती. दुसरा म्हणे तो माणूस तिचा मालक होता, मालकाला कशी बोलणार? श्रुतिका म्हणे ती बोललेलीच आहे, आजोबांनी पुसलं.

आकाशने बोटाने मोजलं. "काका, बारा आहेत. पण हे वाचत कुठे आहेत? पाठ केलीय फळ्याला."

एरवी अंबादासांनी त्याला तिथल्या तिथे सोलला असता. पण ते कान देऊन ऐकत होते. "थांब रे जरा. तो मालकाचं काय म्हणतोय ऐकू दे."

"हे धरायचं की नाही धरायचं, तुम्हीच सांगा."

"मला नाही माहीत."

काकांच्या तोंडून हे ऐकून आकाशच गोंधळला. तेवढ्यात पोरांतला एक त्याला म्हणाला, "दादा, मालकाला बोलता येतं का?"

"मालकाला?" आकाशने विचार केला. "नोकरी असली तर नाही बोलता येत, यार."

"पण ती बकरी आहे."

"तेच ना. तिचं दाणापाणी..." त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर क्लासवाला. "हां भाई, उद्या बोलतो, आत्ता कामात आहे," म्हणत आकाशने फोन खिशात टाकला आणि दाणापाण्याचं बोलणं पुढे चालू केलं.

अंबादास घरी आले. चंपाबाईंनी ताट वाढलं.

"फळा राहिला का?"

"कळत नाही. आकाश त्या क्लासवाल्याशी उद्या बोलणार म्हणाला."

"आणि बकरी?"

"ते पण नाही कळत."

त्यांनी भाकरी थापून तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "तहान लागली असेल हो तिला. पहाटेपासून उभी. घसा सुकल्यावर कुठून आवाज फुटणार?"

अंबादास ताटावरून उठायलाच लागले. "हे लिहितो. आत्ता जाऊन लिहितो."

"बसा खाली," चंपाबाई म्हणाल्या. "अजिबात लिहू नका. पोरं भांडतायत ना, भांडू दे त्यांना."

"मग सोमवारी फळ्यावर लिहू काय?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "ते मला काय माहीत?"