साहेबांच्या मुंगसाची जोडी

मुंगूस दिसणं शुभ असतं, असं आमच्या घरी मानत. त्याने वळून आपल्याकडे पाहिलं तर आणखीच शुभ. म्हणून लहानपणी पर्वतीच्या पायथ्याशी झुडपातून मुंगूस पळालं की आम्ही पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. ही सवय अंगात इतकी मुरली होती की पुढे कुवेतला गेलो, टाय बांधायला लागलो, तरी गेली नाही. तिच्यापायी माझ्या गळ्यात जे पडलं, त्याची ही हकीकत.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. कुवेतमध्ये तेव्हा अजून आपलाच रुपया चालत होता. अहमदीला तेलाच्या कामाची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत मी कारकून होतो. साहेबलोकांचे बंगले एका अंगाला, पुढे हिरवळ, कुंपणाला कण्हेरी. आमच्या बॅचलर खोल्यांची रांग दुसऱ्या अंगाला, पुढे वाळू. 'बॅचलर' हा शब्द कंपनीचा. माझं लग्न झालेलं होतं. लग्नानंतर जेमतेम दोन महिने संसार करून मी बोटीत बसलो होतो आणि बायको पुण्यात माझ्या आईवडिलांपाशी होती. पण फॅमिली क्वार्टर मिळत नाही तोवर कंपनीच्या लेखी मी बॅचलरच. क्वार्टर मिळणं आमच्या साहेबांच्या सहीवर होतं. माझ्या अर्जाला तिसरं वर्ष लागलं होतं. विचारायला गेलं की साहेब पाइप तोंडातून न काढता म्हणायचे, "वुई विल सी." बघायचं काय होतं त्यात, देव जाणे. बायको माझी, क्वार्टरं रिकामी, बघणार हे!

एकदा सुट्टीच्या दिवशी काही कागद घेऊन मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात मेमसाहेब बसल्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावर चक्क एक मुंगूस बसलं होतं. रंगाने पांढुरकं, डोळे लालसर. आपल्याकडच्या मुंगसापेक्षा हे गोरं कसं, असा प्रश्न मला पडला नाही. विलायतेचं मुंगूस गोरंच असणार. माझे हात आपोआप जोडले गेले आणि मी पुटपुटत त्याला रामाची शपथ घातली. आश्चर्य म्हणजे त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी इतका खूश झालो की मेमसाहेबांनाही ते कळलं. मी काय म्हणालो, असं त्यांनी विचारलं. याचं तोंड दिसलं की आमच्याकडे काम होतं, असं मी त्यांना माझ्या इंग्रजीत समजावलं. माझ्या मनात अर्थातच क्वार्टरचं काम होतं. मेमसाहेबांचे डोळे पाणावले. "हा फेरेट आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, हे त्याचं लाडाचं नाव असेल.

पंधरवड्याने साहेब आणि मेमसाहेब लांबच्या रजेवर विलायतेला निघाले, तेव्हा मुंगूस कोणाकडे ठेवायचं याची त्यांना चिंताच उरली नव्हती. ऑफिसात त्याला हात जोडणारा मी एकटाच होतो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून मोठ्या विश्वासाने पिंजरा सोपवला. मी धीर करून म्हटलं, "सर, माझा अर्ज?" साहेब म्हणाले, "परत आल्यावर बघू. तोवर याला जप." या दोन वाक्यांचा मी एकमेकांशी जो संबंध लावायचा तो लावला. मुंगूस जगलं तर बायको येणार. मुंगूस मेलं तर मी कंपनीच्या पेन्शनीपर्यंत बॅचलर.

त्या प्राण्याला उकाडा सोसत नाही, म्हणून साहेबांनी जाण्याआधी माझ्या खोलीत कूलर बसवून घेतला. मी दोन उन्हाळे पंख्याखाली ओला पंचा पांघरून काढले होते, तेव्हा कोणाला कूलर सुचला नव्हता. असो. मुंगसाच्या वशिल्याने का होईना, मला गार वारा मिळाला. त्याबरोबर दर्पही मिळाला. ओली गोणपाटं आठवडाभर कोंडून ठेवली तर येईल तसा तो वास होता. कपड्यांना यायचा, कागदांना यायचा. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ जागा बदलून गेले.

खाण्याचा प्रश्न त्याहून अवघड होता. महाराज खिमा खायचे. मी आठवीपर्यंत अंड्याकडेसुद्धा बघितलं नव्हतं. बाजारात रत्नागिरीकडच्या एका चाचांचं किराणामालाचं दुकान होतं. आम्हा मराठी माणसांना पोहे, कोकम, डाळी तिथेच मिळायच्या. त्यांच्याकडे मराठी बोलायला मिळायचं म्हणून मी गरज नसतानाही जायचो. खिम्याची सोय त्यांनाच विचारली, तेव्हा ते गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

"काय भटजी, बाटलाव की काय?"

"माझ्यासाठी नाही हो चाचा. साहेबांच्या मुंगसासाठी."

"हां, असं सांगा. मना वाटला, आता तुमच्या आईला कोण तोंड दाखवनार!"

मग शेजारच्या खाटकाकडून रोज थोडा खिमा बांधून ठेवायचं त्यांनी कबूल केलं. मी तो दोन बोटांत धरून, हात लांब करून, बाजारातून खोलीपर्यंत न्यायचो. सारा बाजार बघायचा.

पहिला आठवडा बरा गेला. मग मुंगसाने खाणं टाकलं. वाटी तशीच. दिवसभर कोपऱ्यात वळकटी होऊन पडायचं, बोलावलं तर एक डोळा उघडायचं आणि मला बघून पुन्हा मिटायचं. मी अंडं दिलं, दूध दिलं, मांडीवर घेतलं, भीमपलास म्हणून दाखवला. काही नाही. हाताला बरगड्या लागायला लागल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांना दर आठवड्याला खुशाली कळवायचा हुकूम होता, ती मी 'ॲनिमल इज कीपिंग वेल' अशी टाइप करत होतो आणि प्रत्येक 'वेल'ला मनातल्या मनात रामाची माफी मागत होतो. साहेबांची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मला त्या मुक्या जिवाचीही दया यायला लागली होती. ते कोपऱ्यात ज्या तऱ्हेने पडायचं ना, ती तऱ्हा माझ्या ओळखीची होती. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तसाच पडायचो.

चाचांना सांगितलं. त्यांनी डाळ मापता मापता निदान केलं.

"अवो, येकटा हाय तो. त्याला जोडी नको? मानूस तरी येकटा जेवतो काय?"

"मी जेवतो की."

चाचांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दिसताय ना," ते म्हणाले.

जोडी आणायची कुठून? कुवेतमध्ये मुंगूस विकणारा कोणी नव्हता. पण चाचांचे मेहुणे मुंबई-बसरा बोटीवर खलाशी होते. पुढच्या फेरीला ते घरी जाणार होते. "आमच्या गावात बागेत मुंगसां हायत चिकार," चाचा म्हणाले. "येक मादी धरून आनायला सांगतो." मी त्यांचे हात धरले. त्यांनी विचारलं, कसली पायजे? मी म्हटलं, चांगली धट्टीकट्टी, माणसाळलेली मिळाली तर उत्तम, आणि जमलं तर जरा गोरी. गोरी हे ऐकून चाचा हसले. लग्न जमवताना सगळेच असं म्हणतात, असं म्हणाले.

बोट परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. मी कापसाच्या बोळ्याने मुंगसाच्या तोंडात दूध पिळत होतो. एकदाचा चाचांचा निरोप आला. दुकानात गेलो तर पोत्यांच्या मागे वेताची टोपली, वरून जाळी बांधलेली. जुमरुकवर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, ती मांजर म्हणून सुटली होती. मी जाळीतून डोकावलो आणि आतून माझ्या नाकावर झडप आली. करडं, राठ केसांचं, झुबकेदार शेपटीचं, लाल डोळ्यांचं, अस्सल कोकणी मुंगूस.

मी बघतच राहिलो. रंग बाजूला ठेवला तरी याचं तोंड वेगळं, कान वेगळे, पाय वेगळे, चालणं वेगळं. साहेबांच्या प्राण्याशी याचं नातं लांबचं म्हणण्याइतकंही नव्हतं.

"चाचा, हे ते नव्हे."

"नव्हं कसा? मुंगूस बोल्लाव ना तुमी?"

"हो."

"मग ह्यो काय हाय?"

"मुंगूस."

"झाला तर!"

चाचांचं काहीच चुकलं नव्हतं. मी मुंगूस मागवलं, मुंगूस आलं. चूक साहेबांच्या मुंगसात होती. ते मुंगूसच नव्हतं. मेमसाहेबांनी मला 'फेरेट' सांगितलं होतं ते लाडाचं नाव नव्हतं, विलायतेत पाळतात त्या एका लांबोळक्या प्राण्याची ती जात होती, हे त्या दुकानात, कोकमाच्या डब्यापाशी, माझ्या डोक्यात शिरलं. म्हणजे मी ज्याला हात जोडले, ज्याला रामाची शपथ घातली, ते कोणी भलतंच होतं. त्याच्या दर्शनाने माझं काम होण्याचं शास्त्राप्रमाणे काही कारणच नव्हतं!

परत पाठवणार कुठे? टोपली घेऊन खोलीवर आलो. साहेबांनी जादा म्हणून दिलेला एक जुना पिंजरा खाटेखाली होता, त्यात पाहुणीला सोडलं आणि तो फेरेटच्या पिंजऱ्याला लागून ठेवला. पाहुणीने एकदा खोली बघितली, एकदा मला बघितलं, मग फेरेटच्या वाटीतला खिमा बघितला. गजांतून हात घालून तिने वाटी ओढली. मधल्या गजांना टेकवून, एकेक घास आपल्याकडे काढून, ती मजेत खायला लागली.

कोपऱ्यातली वळकटी हलली. कित्येक दिवस डोकं न उचललेला फेरेट ताठ उभा राहिला, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगवली आणि किंचाळत गजांवर धावला. ती फिसकारली. तो चिडला. तिने शिवी दिली असावी, कारण तो मागे सरून पुन्हा धावला. त्या गडबडीत वाटी त्याच्याकडे कलंडली आणि त्याने, केवळ तिला मिळू नये म्हणून, उरलेला खिमा बकाबका गिळून टाकला. मी खाटेवर बसून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खोल्यांतून भिंतीवर ठोकलं गेलं, पण मी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून दोघं दोन पिंजऱ्यांत राहायची आणि दिवसभर भांडायची. तो उठला की आधी ती काय करते ते बघायचा. ती झोपली की हा गज वाजवून तिला उठवायचा. दोन वाट्या एकदम ठेवल्या की दोघं एकमेकांकडे बघत खायची. दोन्ही पिंजऱ्यांची दारं मी एकदम कधी उघडली नाहीत; रक्तपात झाला असता. पण महिन्याभरात फेरेटच्या बरगड्या झाकल्या आणि मला 'कीपिंग वेल' बिनधास्त टाइप करता आलं.

साहेब आणि मेमसाहेब परतले. मी दोन्ही पिंजरे बंगल्यावर नेले आणि घडलेलं सगळं खरं सांगितलं. साहेब हसून हसून खुर्चीत वाकले. मेमसाहेब मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फेरेटला उराशी धरलं, मुंगसाच्या पिंजऱ्यापाशी गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "बिचारा! आपण त्याला एकटं ठेवलं हा दुष्टपणा झाला. कुठल्याही जिवाला असं एकटं ठेवू नये."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पण तुला कसं कळलं रे, त्याला काय दुखतंय ते?"

मी शांत माणूस नाही, पण ऑफिसात आवाज चढवायचा नसतो एवढं मला कळत होतं. त्या दिवशी मात्र माझा आवाज चढला की फुटला, सांगता येत नाही. मी म्हटलं, "सर, माझी बायको तीन वर्षं पुण्यात आहे."

साहेबांनी पाइप तोंडातून काढला. मेमसाहेब गुडघ्यांवरून उठल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. इंग्रज बायकांनाही तसं बघता येतं, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या टिफिनच्या आत सही झाली. दोन्ही पिंजरे मेमसाहेबांकडेच राहिले आणि भांडण तिथे चालू झालं.

थंडीत बायको आली. बोट तेव्हा बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं लाँचने धक्क्यावर यायची. मी दाढी दोनदा करून, चाचांनी दिलेल्या खजुराची पुडी हातात घेऊन उभा होतो. लाँच लागली. बुरखे, टोप्या, वळकट्या, कडेवरची मुलं एकेक उतरली. शेवटी हिरवं नऊवारी नेसलेली, चष्मा लावलेली एक बाई ट्रंक सांभाळत उतरली. मी तिला वाट दिली आणि तिच्या मागे बघायला लागलो.

ती माझ्यासमोर थांबली. "अहो," ती म्हणाली, "मीच आहे."

फेरेटने किती खाल्लं, किती झोपला, हे मी दर आठवड्याला विलायतेला कळवत होतो आणि माझ्या बायकोला चष्मा लागल्याचं मला ठाऊक नव्हतं. मला साहेबांचा, कंपनीचा, त्या 'वुई विल सी'चा असा काही राग आला की हातातली खजुराची पुडी चुरगळली.

"कधी लागला?" मी विचारलं.

"झाली दोन वर्षं. त्यात कळवायचं काय?" ती म्हणाली. मग चष्मा काढून पदराने पुसायला लागली, आणि तो पुसून होईपर्यंत मी तिचा चेहरा नीट बघून घेतला.